दोनाचे चार

मंगळवारी साडेनऊला लॉरेन येते.
बादलीत आधी कचऱ्याची स्वच्छ पिशवी घालते,
मग कोमट पाणी, मग माझा उजवा पाय.
चार थरांचं बँडेज उलगडताना
उठून खिडकी उघडते, अगदी सहज,
जणू ग्रिम्सबीची हवाच आज छान आहे.
कळतं मला. वास मलाही येतो.

सत्तावीस वर्षं उभी होते
माशांच्या कारखान्यात, ओल्या फरशीवर,
हॅडकची कातडी सोलत.
रक्त खाली उतरत राहिलं
आणि वर चढायचं विसरलं.

आज तिच्याकडे कागद आहे.
गेल्या चार आठवड्यांत पायामुळे झोप मोडली का?
शून्य म्हणजे मुळीच नाही, चार म्हणजे रोज.
चार.
चालणं?
तीन. फाटकापर्यंत जाते की.
एका पायात माझा बूट, दुसऱ्यात ह्यांचा,
दहा नंबरचा. बँडेज त्यातच मावतं.
हे गेल्यावर सगळं देऊन टाकलं होतं,
हा जोड कसा राहिला कोण जाणे.
लोकांत मिसळणं?
दोन लिही, म्हटलं.
वैजूच्या नातवाच्या बारशाला गेले नाही,
सर्दीचं निमित्त सांगितलं.
सगळ्या दारात चपला काढणार,
सतरंजीवर मांडी घालून बसणार,
आणि उदबत्तीच्या खालून हळूच
माझा वास.
लॉरेनने वर पाहिलं,
न विचारता दोनाचे चार केले.

मला हसूच आलं.
दोनाचे चार म्हणजे आमच्यात लग्न,
सांगायला गेले आणि इंग्रजी अडलं.
मांडवात आईने ह्यांचे पाय धुतले होते
शेजारून मागून आणलेल्या परातीत.
माझे कोण कशाला धुवेल?
नवरीच्या पायांचा नुसता गुण बघायचा असतो.

लॉरेन गुडघे टेकून
बोटांच्या बेचक्यांतून पाणी फिरवते.
जखमेवर पारदर्शक कागद ठेवून
पेनाने तिचा काठ काढते.
दिवाळीत बशीएवढी होती,
आता पन्नास पेन्सच्या नाण्याएवढी.
भरत आली गं, म्हणते,
मग नुसते दाबाचे मोजे,
मग मी यायला नको.
कागदावर ह्याचा प्रश्न नाही.

ती घोट्यापासून वर गुंडाळत येते.
घट्ट झालं तर सांग हं, लव्ह.
झालंय थोडं.
सैल करू?
असू दे.