वस्तूचे वर्णन

तहसिलीच्या व्हरांड्यात माझं टेबल,
डुगडुगणारं, एका पायाखाली पत्ता खोचलेला.
एकवीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय.
पुरावा म्हणजे काय, ते मला विचारा.
सातबारा, फेरफार, चतुःसीमा,
दोन साक्षीदार, एकाचा अंगठा.
मेलेला माणूस मेला, हेही
दाखला आल्याशिवाय इथं कुणी मानत नाही.

बाजाराच्या दिवशी आश्रमातल्या कोकिळाबाई आल्या.
तपस्विनी. सत्तरी उलटलेली.
"दंडवत प्रणाम, बावा," म्हणत
झोळीतून रेशमी फडकं काढलं, पाच घड्यांचं.
आत गोटा.
सुपारीएवढा, काळा, एका बाजूनं गुळगुळीत.

मला माहीत होता तो. पंचक्रोशीला माहीत आहे.
स्वामी बसले त्या ओट्याचा तुकडा,
गुरूकडून शिष्याकडे,
ताबा अखंड, असं आम्ही लिहिलं असतं.
माझ्या आईनं माझं कपाळ त्याला लावलं होतं
गोवर निघाला तेव्हा.

"लिहून घे," त्या म्हणाल्या.
"मी अठरा वर्साची होती. पेढी उतरताना
पाय सटकला, थैली पडली.
गढूळ पानी. चाचपडत एक गोटा काढला.
थोच असन म्हनलं.
थोच हाय का, मले ठाव नाही.
गुरूले सांगाची हिंमत नाही झाली.
आता माहं जायचं झालं, तं कागदावर असू दे."

मी कागद चढवला.
'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की'
इथवर टाईप झालं.
पुढं वस्तूचे वर्णन.

"बाई, मग इतकी वर्षं
तुम्ही डोकं कशापुढं टेकवलं?"

त्या रागावल्या नाहीत.
"हा नसन तं थो नदीत हाय.
म्हनून मी पेढीत पाय नाही टाकत.
पुलावरून जातो, दोन कोस पडते.
कोन्त्यावर पाय पडन, सांगता येते काय?"

मी हसलो असेन. सवयीनं म्हणालो,
नदीत आता राहिलंय काय,
रेती, गोटे, सगळं ट्रॅक्टरनं उपसलं,
या कचेरीच्या पायऱ्यासुद्धा
पेढीच्याच खडीच्या.

"हव ना," त्या म्हणाल्या.

तेव्हा माझं लक्ष गेलं.
चपला खाली, गेटपाशी, निंबाखाली ठेवलेल्या.
मे महिना. दुपारचे दोन.
मला वाटलं होतं, विसरल्या.

देव सिद्ध झाला, असं मी म्हणत नाही.
माझ्यापुढं असा दावा आला असता
तर मीच सांगितलं असतं, टिकणार नाही, बाई,
तिकिटाचे पैसे वाया.

पण बोटं टाईप करीनात.
'एक गोटा' लिहिलं, खोडलं.
'एक गोटा, ओळख न पटलेला' लिहिलं.
त्यांनी वाचून घेतलं, मान डोलावली,
सही केली मोडी वळणाची,
वीस रुपये ठेवले, फडक्याला पाच घड्या घातल्या,
आणि उन्हात उतरल्या, सावकाश,
कडेकडेनं.

साक्षीदार म्हणून मी सही केली.

संध्याकाळी कुलूप लावलं.
सात पायऱ्या आहेत.
शेवटची फुटलीय पावसाळ्यापासून,
आतली खडी वर आलीय.
काळी. काही गुळगुळीत.