चार्ज देताना

ही कपाटाची किल्ली. उजवीकडे फिरवायची, मग जरा वर उचलायची.
आत सहा डिक्शनऱ्या आहेत. एकीत 'एस' नाही,
संक्रांतीच्या आसपास गेला, पतंगाला चिकटवला असेल कुणीतरी.
बसा, गांगुर्डे मॅडम. पंखा दोनवरच ठेवा, तीनवर तो कण्हतो.

तुम्ही विचारलंत, दहावी ब-ला इंग्रजी कसं शिकवायचं.
सातपूरच्या या शाळेत माझी सत्तावीस वर्षं गेली
आणि मला अजून नक्की सांगता येत नाही.

एवढं मात्र करा, व्याकरण तीनच्या आत उरका.
तीनला कंपन्यांचा भोंगा होतो, शिफ्ट सुटते,
अर्धा वर्ग खिडकीकडे वळतो.
कुणाचा बाप सायकलवर, कुणाची आई टेम्पोत मागे उभी.
तेव्हा गोष्ट वाचायची. मोठ्यानं. तुम्ही.

पहिल्या दिवशी 'माय सेल्फ' बोलायला लावू नका.
सगळ्यांचे वडील फार्मर निघतात, गाईडात तसं छापलंय,
आणि प्रत्यक्षात असतात लेथवर.
त्यापेक्षा विचारा, तुमच्या घरात इंग्रजी कुठं कुठं सापडतं?
हेमराज बागूल शेगडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आला,
तापाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी,
आणि वडिलांच्या खात्यातली पाटी, पाठ करून:
डू नॉट ऑपरेट विदाउट गार्ड.
तीन तास काढले आम्ही त्या पाच शब्दांवर.
आज्ञार्थ, नकार, शब्दयोगी अव्यय, सगळं निघालं त्यातून,
आणि अगदी शेवटी हेही
की वडिलांच्या करंगळीला एक पेर कमी आहे.

लाल पेन घरी ठेवा. म्हणजे आणा,
पण एका पानावर तीनच चुका. बाकीच्या दिसल्याच नाहीत.
हे जमायला मला अकरा वर्षं लागली.

सटाण्याकडची पोरं 'ही गो' म्हणाली तर ओरडू नका.
घरी ती 'तो जास' म्हणतात.
त्यांना सांगा, हा 'स' तुमच्या आजीकडे आधीपासून आहे,
'ही'च्या मागे तोच लावायचा.
मग आठवडाभर 'आय गोज' ऐकावं लागेल. ऐका.

'नाइफ'मधला 'के' बोलत नाही, पण रांगेत उभा असतो.
वर्गात असे पाच-सहा असतात.

एक सांगणार नव्हते.
रोहिणी शेजवळ, नववीत. धडा वाचताना म्हणाली, वेडनेसडे.
मी हसले. मी हसले म्हणून वर्ग हसला.
जसं लिहिलंय तसं वाच,
हे पहिलीपासून आपणच तिला शिकवलेलं.
पुढची दोन वर्षं माझ्या तासाला तिनं तोंड उघडलं नाही.
पेपरात एकाहत्तर.
मागच्या वर्षी सिव्हिलमध्ये भेटली, एक्स-रेच्या खोलीबाहेर,
पांढरा कोट, नावं पुकारत होती. मला ओळखलं. खुर्ची दिली.
माझ्या फॉर्मवर पुढच्या तारखेचा वार लिहायचा होता.
सगळा फॉर्म इंग्रजीत भरला तिनं, भराभर,
आणि त्या एका चौकोनात लिहिलं, बुधवार.

यातून तुम्ही काय घ्यायचं ते मला विचारू नका.

पावसाळ्यात खडू दमट होतात, डबा खिडकीपासून लांब ठेवा.
स्पीकिंग टेस्टला दोघा-दोघांना बोलवा, एकट्याला कधीच नाही.
'द' कुठं लावायचा हे कुणी विचारलं
तर उद्या सांगते म्हणा आणि खरंच उद्या सांगा.

घंटा झाली. जिन्याच्या डावीकडची खोली.
दार ढकलल्यावर आत एकदम शांत झालं तर घाबरू नका,
ती आधी तुमच्या चपला बघतात.