डाव्या बाहीची घडी

पितराच्या दिवशी फोटो खाली निघायचा.
हिंगोलीत, रिसाला बाजारातल्या आमच्या घरात
फौजेचा एवढा एकच कागद:
सोळा माणसं, दोन ओळी, कडेला तंबूचा दोर,
पुढे पाटीवर खडूनं काहीतरी,
त्यातला सोळा तेवढा वाचता येतो.
माणसं सोळा की साल सोळा, कुणी विचारलं नाही.

मधल्या खुर्चीवर सटवाजीआबा,
पणजोबांचा धाकटा भाऊ, परत न आलेला.
तलवार मांडीवर आडवी, कमरेला रुंद पट्टा,
आणि चेहरा नाही.
चेहरा आमच्याच बोटांनी गेला.
पणजीनं, आजीनं, मग केवळाआत्यानं
दर वर्षी गंधाचं एक बोट लावलं,
दुसऱ्या दिवशी ओल्या कापडानं पुसलं.
कपाळापासून सुरुवात झाली, हनुवटीशी पोचलं.
आता तिथं बंद्या रुपयाएवढं पांढरं.

आम्ही लोहार. भाता सोडून
एक माणूस घोड्यावर बसला, हे
पाहुणे जेवायला बसले की सांगायचं.
मीही भाता सोडला. घोडा नाही, शिलाई मशीन.
बाप म्हणायचा, ऐरणीच्या घरात सुई शिरली.

काच बसवायची म्हणून फोटो दुकानात आणला,
तर सुभेदार पतंगे आले, कळमनुरीचे, रिटायर,
पेन्शनरांच्या मेळाव्यासाठी सफारी शिवायला.
चष्मा कपाळावर सारून, नाक फोटोला लावून म्हणाले,
पायपट्ट्या बघा. गुडघ्यापासून खाली गुंडाळल्यात,
बंद घोट्याशी. हे घोडेस्वार.
पायदळाचा बंद गुडघ्याखाली येतो.
मला बरं वाटलं.
मग त्यांचं बोट खुर्चीवर आलं.
साफ्यातून हे टोक वर दिसतंय ना, ही कुलाह.
दफेदार असावा. पण हा मुसलमान, मास्तर.
हा तुमचा नव्हे.

छाती अडतीस. बाही तेवीस.
मी लिहीत राहिलो.

रात्री शटर अर्धं ओढून भिंग धरलं.
मला पलटणी कळत नाहीत, शिवण कळते.
सोळाही कुडते एकाच कारखान्यातले,
खांद्यात ढिले, गळा कुणाच्याच मापाचा नाही.
मागच्या ओळीत अगदी शेवटचा,
दोराला जवळजवळ चिकटलेला,
त्याच्या डाव्या बाहीला घडी.
हातशिलाई. टाके मोठे, घाईचे, त्यानंच घातलेले.
उजवीला घडी नाही.

माझ्या बापाचा डावा हात पाऊण इंच आखूड.
माझा अर्धा. स्वतःचा सदरा बेतताना
मी वहीत लिहीतही नाही, कात्रीच वळते.

आणि उजव्या दंडावर, आधी डाग वाटला तो,
नाल.
म्हणजे नालबंद.
आगगाडी, बोट, एवढं खारं पाणी ओलांडून
आबा तिकडेही तेच करत होता,
लोखंड तापवत, खुरात खिळे मारत.

चेहरा स्वच्छ. कधी कुणाचं बोटच लागलं नाही.
कान बापाचे. तोंड किंचित उघडं,
फोटोवाल्याला काही विचारायचं राहिल्यासारखं.

आत्याला सांगितलं. ती गवार मोडत राहिली.
मग खुर्चीवरला कोण म्हणायचा?
म्हटलं, नाव नाही. असेल कुणाचा तरी.
त्याच्या घरी फोटो असेल, नसेल.
पांढऱ्या जागेकडं ती बराच वेळ बघत होती.
इतके वर्सं जेवला की रे तो.
आता काय पानावरून उठवतूस त्येला?

या वर्षी तिनं दोन पानं मांडली.
दुसऱ्यावर काय वाढावं म्हणून जरा थबकली,
मग तेच वाढलं.
गंधाची वाटी माझ्याकडं सरकवली.
बोट मागच्या ओळीपर्यंत नेलं मी,
त्याच्या कपाळाच्या केसभर वर थांबलं.
गंध वाळायला लागलं.
शेवटी शेजारच्या दोराला लावलं.