दुर्बीण

हॉलमध्ये चहा आधी आला, भाषणं नंतर.
ओइरिक मॅकॉस्किलला संस्थेनं दिली
जर्मन दुर्बीण, पट्ट्यावर तिचं नाव.
ती गालात हसली. एकतीस उन्हाळ्यांत
तिनं तो पक्षी पाहिला जेमतेम चारदा.
बाकी सगळा हिशेब कानांचा:
रात्री बारा ते तीन, सायकल दगडी बांधाला टेकवून
पिवळ्या आयरिसच्या दलदलीकडे तोंड करून उभं राहायचं.
कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं
तसा आवाज आला, की वहीत एक रेघ.

लॉकलन उठला. तो सहसा बोलत नाही.
म्हणाला, ही मागे लागली म्हणून मी
कुरण मधून कापत कडेला येतो.
पिल्लांना पळायला वाट राहते.
डिझेल जास्त जातं.
आणि बसला.

मग ती, माइकपासून लांबच:
"गेले दोन उन्हाळे मला काही ऐकू येत नाही.
रेघा कुत्र्याच्या आहेत.
टॅवीचा डावा कान ताठ झाला, की एक.
खोडायच्या तर खोडा."

हॉलमध्ये फक्त किटलीचा आवाज.
सेक्रेटरीनं चष्मा पुसला, विचारलं,
"उजवा कान?"
"तो सशांसाठी."

यंदा मोजणीला मी जातो.
सायकल तिनं दिली नाही, कुत्रा दिला.
उइस्टच्या जूनमध्ये पुरता अंधार होत नाही.
मागे वळलो की फाटकाशी ती दिसते,
डोळ्यांना दुर्बीण,
आम्हा दोघांना मोजत.