बर

हसुराम रबाळ्याच्या कंपनीतून निवृत्त झाला
तेव्हा त्याला मिळालं घड्याळ
आणि मला मिळाली ही सुरी.
पॉवर हॅक्सॉच्या तुटक्या पात्याची,
मुठीला जुन्या होडीचं सागवान, दोन पितळी रिबिटी.
म्हणाला, वहिनी, हे एचएसएस.
लोखंड कापून दमलं नाही ते,
तुझी मासळी काय चीज आहे.

चीज होती.

दिवाळ्याच्या बंदरावर माझा एक दगड आहे,
सासूच्याही आधीचा, मधोमध खोलगट, डोंगीसारखा.
त्याच्यावर कोयता दहा वेळा ओढला
की कोयता शहाणा होतो.
ही ओढली तर दगडच झिजला.
राखाडी पाणी निघालं ते दगडाचं.
सुरी आपली तशीच,
पाहुणचार घेऊन बसलेल्या जावयासारखी.

मग हसुरामने हिऱ्याची पट्टी आणली.
आमच्या घरात हिरा आला तो असा,
पत्र्यावर भुकटी होऊन, साडेचारशे रुपयांत.
दाबू नको, म्हणाला,
कोळंबी सोलतेस तेवढाच हात.
पाठीखाली दोन रुपयांची दोन नाणी, एवढाच कोन.
ओढत राहा बर येईपर्यंत.

बरं, म्हटलं.
बरं नाही. बर.
ओढून ओढून धारेपलीकडे लोखंड वळतं,
केसाहून बारीक. दिसत नाही, अंगठ्याला अडतं.
ती आल्याशिवाय धार नाही,
आणि ती गेल्याशिवायही नाही.

तीन संध्याकाळी गेल्या.
खाडी भरली, उतरली, पुलावरचे दिवे लागले,
माझा अंगठा गुळगुळीतच.
चौथ्या दिवशी नखाशेजारी काहीतरी थांबलं,
बोंबलाच्या काट्यासारखं,
असून नसल्यासारखं.
मी ओरडले, आली!
पलीकडच्या पाटीवरून यमुना म्हणाली, कोण?

आता तिला घालवायची.
रुपेनचा पट्टा घेतला,
सीवूड्सच्या टॉवरवर वॉचमन होता तेव्हाचा.
टॉवर आहे तिथे त्याच्या आज्याचं भातशेत होतं,
हे त्याने गेटवर कधी कुणाला सांगितलं नाही.
पट्टा उलटा करून फळीवर चुकांनी ठोकला,
भांडी चमकवणाऱ्याकडचा हिरवा साबण चोळला.
इथे सुरी लोटायची नाही, ओढायची,
पाठ पुढे, धार मागून.
दहा या अंगाला, दहा त्या अंगाला.
कातडं काळं पडत गेलं.
आवाज नव्या लुगड्याच्या घडीवरून हात फिरवावा तसा.

विजेच्या बिलावर बघितली.
बिल उभं धरलं, सुरी नुसती ठेवली.
रक्कम एका हातात राहिली,
मुदत खाली पडली.

मग मला माज आला.
रविवारी चार किलोचा जिताडा,
गिऱ्हाईक गाडी चालू ठेवून उभं,
आणि मी डोकंही त्याच सुरीने फोडलं.
टक्.
कोयता असता तर वाकला असता,
दोन शिव्या खाऊन दगडावर सरळ झाला असता.
ही वाकली नाही. तांदळाच्या कणीएवढी तुटली.
ती कणी खाडीत गेली की कुणाच्या कालवणात,
एकवीरा जाणे.

हसुरामने पातं डोळ्यासमोर धरलं.
रागावला नाही.
खाच घालवायची तर अख्खी धार मागे न्यावी लागेल, म्हणाला.
किती दिवस?
त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं.
कशाला, कोण जाणे.

आता डोक्याला कोयता, अंगाला सुरी.
बाजार उठला की पाटी उपडी घालून बसते,
पट्टीवर पाणी, पाठीखाली तीच दोन नाणी.
खाच निम्मी उरली आहे.
सुरमईच्या तुकडीवर तिथे बारीक रेघ उठते,
एक बाई ती रेघ बघूनच घेते,
म्हणते, तुमच्याकडचीच ना ही?

हसुराम ओट्यावरून हाक मारतो, आली का?
नाही अजून, म्हणते मी.
तो म्हणतो, बरं.