दोनशे सात

लिएपायात वारा दार वाजवत नाही, सरळ आत येतो.
लोक त्याला कोटात भरून आणतात
आणि सातच्या आत माझ्या फळीवर ठेवतात:
ओली लोकर, डांबराच्या गोळ्या, खारवलेली मासळी,
एखाद्या खांद्यावर अजून न विरघळलेला बर्फ.
मी पितळी बिल्ला पुढे करते.
नंबर सांगत नाही, तो बिल्ल्यावर असतोच.

नाट्यगृहाच्या तळघरात खुंट्या तीनशे बारा.
एकशे चव्वेचाळीस ढिली आहे,
तिच्यावर मी फक्त छत्र्या सोपवते.

कोट बोलतात असं मी म्हणणार नाही.
पण कोटाला वजन असतं, आणि हाताला ते कळतं.
औषधवाल्या गुंटिसचा उजवा खिसा नेहमी जड.
स्कुयाबाईंच्या फरला आतून कसर लागलीय,
मी तो बाहेरच्या बाजूने टांगते.
ज्याचा कॉलरमागचा बंद तुटलेला असेल
त्याला दुसऱ्या अंकात मी टाका घालते,
काळ्याला काळा, करड्याला करडा दोरा.
आजवर कुणी विचारलं नाही.
घरी गेल्यावर त्यांना वाटत असेल,
तुटला होता ना हा? की नव्हता?
तेवढी गंमत माझी.

चोवीस वर्षांत एकही नाटक पुरतं पाहिलेलं नाही.
छतावरून पावलं ऐकू येतात, एक किंकाळी, मग हसू.
नाटक कसं झालं ते मला कोट नेताना समजतं.
बरं झालं असेल तर माणसं
डावा हात उजव्या बाहीत घालतात
आणि तसेच थोडा वेळ उभे राहतात.

वेल्टा डब्लिनहून फोन करते.
"अजून कोटच सांभाळतेस?"
मी म्हणते, हो. ती गप्प.
मग आम्ही तिच्या गुडघ्यांविषयी बोलतो.

एकदा गेले होते वर, खोटं कशाला सांगू.
इंदुलिससाहेबांनी तिकिटांच्या हिशेबाला बसवलं,
पगार दीडपट, खिडकीत लिंडेनचं झाड.
खुर्चीला चाकं होती, पण जायचं कुठे?
आकडे जुळायचे. रोज जुळायचे.
संध्याकाळी सहा वाजले की
खाली फळीवर पहिला बिल्ला आपटायचा
आणि माझा जीव टांगणीला लागायचा,
तोही अशा खोलीत, जिथे भिंतीला एक खुंटी नाही.
तीन आठवडे. मग मी किल्ली परत दिली.
साहेब म्हणाले, विझ्मा, विचार कर.
मी म्हटलं, केला. जिन्यातच केला.

खाली आले तर नव्या पोराने
दोनशे सात रिकामी केली होती.

तिथे एक कोट आहे. एकोणीस हिवाळे.
निळसर, बायकी, खिशात एकच हातमोजा
आणि ट्रॅमचं घडी घातलेलं तिकीट.
त्या रात्री सगळे गेले, हा राहिला.
बाहेर उणे अकरा होतं.
इतक्या थंडीत कोट विसरून
कुणी कसं गेलं, कुणाबरोबर गेलं,
की असं काही ऐकलं वरती
की थंडी वाजायचीच राहून गेली?
वसंतात मी तो अंगणात झटकते, ब्रश करते,
परत आणते. बंद त्याचाही शिवला आहे.

पोराने तो खोक्यात घातला होता, दान करायच्या.
रागावले नाही मी. त्याला माहीत नव्हतं.
काढला, खांदे सारखे केले,
दोनशे सातवर चढवला
आणि हात रिकामे झाले तेव्हा लक्षात आलं,
तीन आठवड्यांत पहिल्यांदा
मला भूक लागली आहे.

डब्यात राईची भाकरी होती, वर थोडं लोणी.
स्टुलावर बसून खाल्ली.
वर तिसरी घंटा झाली.
एक उशीर झालेला माणूस धापा टाकत जिना उतरला,
कोट काढता काढता बाहीत अडकला.

"सावकाश," मी म्हटलं, "मी इथेच आहे."