अळणी

तांडेलच्या छातीला नळी लावून
डॉक्टर मिस्किटा बराच वेळ ऐकत राहिल्या.
हृदय मोठं झालंय, म्हणाल्या, झडप गळतेय.
मला गळती कळते. होडीची.
विचारलं, डांबर लावता येतं का?
त्या हसल्या नाहीत. कागदावर लिहिलं :
मीठ बंद.

मीठ बंद. वेसाव्यात!
दारात वलांडीवर बोंबील,
अंगणात जवळा, माळ्यावर सोड्यांचे डबे,
भिंतीला जीभ लावली तरी खारट.
आणि हा दहा वर्षं चाटत आलाय
प्रत्येक टोपली, प्रत्येक जाळं,
माझ्या टाचांच्या भेगा.

आता त्याचं पातेलं वेगळं.
त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका,
कुणी चुकून कालवण ओतू नये म्हणून.
मऊ भात, सालपट काढलेली कोंबडी,
दुधी, लाल भोपळ्याची एखादी फोड.
तारली मिळाली तर ताजी, काटे काढून, नुसत्या पाण्यात.
कांदा-लसूण नाही. पाव नाही.
पावातही मीठ असतं
हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.
बिस्किटाचं तर गल्लीतल्या पोरांना
दम देऊन सांगितलंय.
थोडं थोडं, दिवसातून चारदा.
पाण्याची गोळी रताळ्यात लपवून.

दर रविवारी मासळीच्या काट्यावर त्याला चढवते.
वजन एकदम वाढलं तर अंगात पाणी,
घटत गेलं तर मांस झडतंय.
अठरा किलो दोनशे.
एवढ्या वजनाचा घोळ असता तर
केव्हाच विकून मोकळी झाले असते.

पहिले तीन दिवस त्याने तोंड लावलं नाही.
पातेल्याकडे बघायचा, मग माझ्याकडे,
जणू मीच काहीतरी चोरलंय.
चौथ्या दिवशी भात कोमट केला,
वाफ त्याच्या नाकाशी धरली,
आणि चार घास गेले.
थोरला म्हणाला, कुत्र्यासाठी एवढं कशाला?
मी दुधी किसत राहिले.

हरेश्वरलाही हेच लिहून दिलं होतं,
सरकारी दवाखान्यात, निळ्या शाईत.
तो ताटावर बसला की म्हणायचा,
अळणी जेवून कोण जगलंय?
आणि मी सुक्या बोंबलाची चटणी
भाताच्या कडेला ठेवायची.
रोज. मायेनंच.
तो बोटं चाटायचा, मला बरं वाटायचं.
हे अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

कुत्रं खाल्ल्या मिठाला जागतं, म्हणतात.
महिना झाला, याच्या पोटात मिठाचा कण नाही,
तरी जागतो.
रात्री दोनला उठतो, खोकतो,
बंदराकडच्या दाराशी जाऊन उभा राहतो,
कुणाची तरी होडी यायची असल्यासारखा,
मग परत येऊन माझा हात शोधतो.
मी आधी मोरीत जाते,
हात गोड्या पाण्याने चोळून धुते,
मगच पुढे करते.

तो झोपला की मोबाइलवर मिनिट लावते.
बरगड्या वर, बरगड्या खाली : एक.
झोपेत तिसाच्या वर गेले तर फोन करा,
वेळ बघू नका, असं डॉक्टरीण म्हणालीय.
सव्वीस.
पुन्हा मोजते.
सत्तावीस,
की मध्ये एक लाट मोजली गेली माझ्याकडून.